खत चालतं, हात चालत नाही

"आजी, तुम्ही कागदी कपात घ्या हं," काकू म्हणाल्या. गोड आवाजात. हसून.

ट्रेमध्ये स्टीलचे पेले होते. फिल्टर कॉफी. वाफ निघत होती. कमिटीच्या माणसांना पेला. पालिकेतून आलेल्या साहेबांना पेला. मला पेला. ट्रेच्या कोपऱ्यात दोनच कागदी कप. एक लक्ष्मम्माला. एक माझ्या आईला.

आई हात धुऊन आली होती. साबण लावून, कोपरापर्यंत, दोनदा. नखांतली मातीसुद्धा काडीनं काढली होती. मी बघितलं होतं. आणि काकूंच्या हाताला खत लागलेलं होतं. काळं, ओलसर. कारण पाचच मिनिटांपूर्वी त्यांनी ओंजळ भरून खत उचललं होतं आणि फोटो काढून घेतला होता. नंतर हात नुसते रुमालाला पुसले. त्याच हातांनी ट्रे फिरवत होत्या.

खत चालत होतं. खत करणारा हात चालत नव्हता.

आईनं कप घेतला. बाजूला झाडाच्या कट्ट्यावर लक्ष्मम्माशेजारी जाऊन बसली. प्यायली.

मीही प्यायले. स्टीलच्या पेल्यातून. शेवटच्या घोटापर्यंत.

काकूंचं सांगणं सोपं आहे. माझं सांगणं अवघड. म्हणून आधी ते सांगून टाकलं.

माझी आई नागपुरात पालिकेची सफाई कामगार होती. एकोणतीस वर्षं. रस्ते झाडले, नाल्या उपसल्या, बाजारामागचा सडका भाजीपाला फावड्यानं गाडीत भरला. वडील मी सातवीत असताना गेले. त्याआधीही घर तिच्याच पगारावर चालायचं. मी तिच्या झाडूवर शिकले. इंजिनियर झाले.

तिच्याकडे असलेला एक रस्ता माझ्या शाळेवरून जायचा. सहावीत होते. मैत्रिणींबरोबर येताना ती समोर दिसली. लांब दांड्याचा झाडू, डोक्याला फडकं. मला बघून तिचा चेहरा फुलला. मी रस्ता ओलांडून पलीकडे गेले. घरी तिनं नेहमीसारखं जेवायला वाढलं. पण दुसऱ्या दिवसापासून तो रस्ता ती शाळा भरायच्या आत उरकायला लागली. मला दिसू नये म्हणून. माझ्या मैत्रिणींना दिसू नये म्हणून.

मला बरं वाटलं.

नोकरीसाठी बंगळुरात आले. सॉफ्टवेअर तपासायचं काम. राजाजीनगरजवळच्या एका मोठ्या संकुलात कर्ज काढून फ्लॅट घेतला. साडेतीनशे घरं. या शहरात कोणी जात विचारत नाही, असं म्हणतात. विचारत नाहीत. काढून घेतात. गाव कुठलं. कुलदैवत कुठलं. वडील काय करायचे. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर'. त्या 'कर'च्या आड मी सात वर्षं लपले. संकुलातल्या मराठी मंडळींना सांगितलं, "आई नागपूर कॉर्पोरेशनमध्ये होती." खोटं नव्हतं. टेबल-खुर्ची ऐकणाऱ्यानं आपली आपण मांडून घ्यायची.

सोसायटीचे सेक्रेटरी मराठीच. तीन पिढ्या इथं. बसवनगुडीत वाढलेले, सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले. सगळे त्यांना काका म्हणतात आणि त्यांच्या बायकोला काकू, मीही. मराठी बोलता बोलता मध्येच कन्नड येतं. "स्वल्प थांब गं," म्हणतात. बरं, बरं म्हणायचं तर "सरी, सरी," म्हणतात. माणूस वाईट नाही, असं मी खूप दिवस म्हणत होते.

मग कचऱ्याचा नियम आला. म्हणजे नियम देशभराचा, आणि जुनाच. आमच्यापर्यंत पोचला तो पालिकेच्या नोटिशीतून. मोठ्या सोसायट्यांनी आपला ओला कचरा आपल्याच आवारात जिरवायचा. घराघरात वेगळा करायचा, खत करायचं, बाहेर पाठवायचा नाही. काकांनी कंपोस्ट कमिटी केली. मला म्हणाले, "तू तरुण आहेस, तू जबाबदार सदस्य. कागदोपत्री सही तुझी." मला मान वाटला.

आधी एक मशीन आणलं. ते अन्न नुसतं शिजवायचं आणि भाजायचं. दोन महिन्यांत बंद पडलं. मग गेटच्या मागच्या बाजूला लोखंडी जाळीच्या सहा टाक्या बसवल्या आणि तिथं लक्ष्मम्माला उभं केलं. लक्ष्मम्मा कंत्राटदाराकडची बाई. पन्नाशीची. अनेकल तालुक्यातली. तिला कोणी काही शिकवलं नाही. हातमोजे एकदा दिले, ते आठवड्यात फाटले, पुन्हा दिले नाहीत. घराघरातून बादल्या यायच्या, त्यात भातासोबत डायपर, ब्लेड, सॅनिटरी पॅड, औषधाच्या बाटल्या. ती हातानं वेचायची. टाक्यांतून काळं पाणी गळायचं. अळ्या जाळीतून बाहेर यायच्या. बाल्कनीतून लोक ओरडायचे, "अक्का, वास येतोय!" जणू वास तिचाच होता.

मी काय केलं? तक्रारींची यादी केली. सुंदर केली. रंग दिले रकान्यांना.

त्याच उन्हाळ्यात आई माझ्याकडे राहायला आली. नुकतीच निवृत्त झालेली. घरात तिचा जीव रमेना. तिसऱ्या दिवशी फिरत फिरत टाक्यांपाशी गेली. मी मागून गेले तर ती वाकून टाकीत बघत होती.

"यात कोरडं काहीच नाही," म्हणाली. "निस्तं ओलं कोंबून राहिले. सडन नाही त काय व्हईन?"

"आई, चल वर. लोक बघतात."

"पाहू दे नं. मी काय चोरी करून राहिलो?"

आमच्याकडे बायकाही असंच बोलतात. करून राहिलो. जातो. येतो. मी ते बोलणं हॉस्टेलात असतानाच टाकून दिलं होतं.

आवारात गुलमोहर, बदाम, करंजाची झाडं. त्यांचा पाला रोज पोत्यात भरून बाहेर जायचा. आईनं लक्ष्मम्माला खुणेनं सांगितलं, ही पोती इकडे आण. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आई म्हणायची, "एवढं ओलं, एवढं कोरडं." लक्ष्मम्मा म्हणायची, "स्वल्प?" आई म्हणायची, "हाव, स्वल्पच." पाल्याचा थर, मग ओलं, मग पुन्हा पाला. आंबट ताक. जुन्या खताची मूठ. चार दिवसांनी फावड्यानं खालीवर. डायपर निघालं की आई ते काठीनं उचलायची आणि ज्या बादलीवर फ्लॅटचा नंबर असेल त्या दारात नेऊन ठेवायला सांगायची. एक-दोनदा लक्ष्मम्मानं खरंच ठेवलं. बोंब झाली. पण डायपर कमी झाले.

एका सकाळी आईनं मला हाक मारली. माझा हात धरून ढिगात घातला. आत चटका बसला.

"ताप आला याले," ती म्हणाली. "चांगला ताप आहे हा. आता घाण मरते आतली."

तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी लहानपणी कधी पाहिलं नव्हतं. कारण तिला काम करताना मी बघतच नव्हते.

दीड-दोन महिन्यांत वास गेला. अळ्या गेल्या. खालून भुसभुशीत, काळं, मातीच्या वासाचं खत निघालं. बाल्कन्या गप्प झाल्या. काकू एकदा टाक्यांपाशी आल्या आणि आईला म्हणाल्या, "आजी, कमाल आहे हो तुमची! हे सगळं कुठं शिकलात?"

आईला लपवायची सवय नाही. ती माझी.

"शिकतो कुठं बाई, नोकरीच थे होती. रस्ते झाडत होतो नागपूरले."

काकू "अच्छा, अच्छा" म्हणाल्या. हे मला लक्ष्मम्मानं नंतर सांगितलं, मोडक्या हिंदीत. काकू दोन पावलं मागं सरकल्या, हेही तिनंच सांगितलं. त्या आठवड्यापासून काकूंच्या घरच्या शुक्रवारच्या भजनाचं बोलावणं थांबलं. आईनं विचारलं नाही. मीही नाही.

मग तो दिवस आला. पालिकेचे साहेब पाहणीला येणार म्हणून काकांनी खतवाटपाचा समारंभ ठेवला. टेबलावर पांढरं कापड, छोट्या पुरचुंड्या, त्यावर 'काळं सोनं' अशी चिठ्ठी. फोटोत कमिटी. आईला कोणी बोलावलं नाही. ती आणि लक्ष्मम्मा चाळण घेऊन मागं उभ्या. साहेबांनी खत हातात घेतलं, वास घेतला, खूश झाले. "हे करतं कोण?" विचारलं.

काकांनी मागं बोट दाखवलं आणि इंग्रजीत म्हणाले, "इट कम्स नॅचरली टू देम."

त्यांना ते उपजतच येतं.

मी शेजारी उभी होते. एकोणतीस वर्षं. पाठीचा कणा वाकला तिचा. आणि यांच्या लेखी ते उपजत. यांचं इंजिनियरिंग मात्र अभ्यासाचं.

आणि मग कॉफी आली.

संध्याकाळी आई भाकरी करत होती. मी ओट्याशी जाऊन रडायला लागले. "आई, तो कप... मला बोलायला पाहिजे होतं."

ती भाकरी थापत राहिली. म्हणाली, "कपाचं काय वं पोरी. कागदाच्या कपातून जल्मभर पेलो मी. पहिले त थेही देत नव्हते, वरून ओतत होते ओंजळीत. कपाचं नाही लागलं मले."

तिनं तव्यावर भाकरी टाकली.

"मी तुह्याकडं पाह्यलं. तू खाली पाहून राहिली होती. थे लागलं."

मग तिनं भाकरी उलटली.

दुसऱ्या दिवसापासून आई टाक्यांकडे गेली नाही. आठवड्यानं काका घरी आले. दारातच उभे राहिले. "आजी, तब्येत बरी ना? तिकडे पुन्हा वास सुटलाय. तुम्ही आता इथेच राहा की. कंपोस्टचं तुम्हीच बघा. तुमचाही वेळ जाईल."

आई म्हणाली, "नोकरी होती तवा उचललं. आता मी रिटायर झालो."

"अहो, नोकरी म्हणून नाही, सेवा म्हणून—"

"मंग तुमी करा नं सेवा. मी सांगतो कशी करायची. या खाली."

काका हसले. हसले आणि गेले. तो माणूस काही खाली आला नाही.

महिन्यानं आई नागपूरला परत गेली. स्टेशनवर मी तिला मिठी मारली. मला माफ कर म्हणणार होते. गाडी हलली.

टाक्यांचं काय झालं ते आता सांगते. एकटी लक्ष्मम्मा साडेतीनशे घरांना पुरी पडणार नव्हती. काकांनी मार्ग काढला. चार टाक्यांवर झाकण घातलं, दोन दाखवायला चालू ठेवल्या. उरलेला ओला कचरा पहाटे एका खासगी टेम्पोत, सुक्यात मिसळून, बाहेर. कुठं जातो, कोणी विचारलं नाही. गावाबाहेर कुठल्यातरी खेड्याच्या दाराशी, दुसरं कुठं.

मग पालिकेकडून फॉर्म आला. सोसायटीनं लिहून द्यायचं होतं: आम्ही कचरा वेगळा करतो. सगळा ओला कचरा आवारात जिरवतो. काम करणाऱ्यांना हातमोजे, बूट, मास्क देतो. खाली जबाबदार सदस्याची सही. मी.

त्याआधीच्या रविवारी मी पहिल्यांदा तो नियम नीट वाचला. सुरुवातीपासून. इतके दिवस मी फक्त त्याचा गोषवारा वाचून मिरवत होते. त्यात पानोपानी एक शब्द आहे. कचरा निर्माण करणारा. त्यानं वेगळा करावा. त्यानं जिरवावा. जबाबदारी त्याची. मी तो शब्द पुन्हा पुन्हा वाचला. त्यात लक्ष्मम्मा नव्हती. माझी आई नव्हती. साडेतीनशे घरं होती. मी होते. ज्या कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या आम्हाला जन्माला घातल्यासारखं वागवलं, ते काम सरकारी कागदावर दुसऱ्याच कोणाचं तरी होतं. कागदावर. खाली टाक्यांपाशी मात्र आम्हीच.

सोमवारी क्लबहाउसमध्ये कमिटी बसली. सहा माणसं, मधे बिस्किटं. काकांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला. पेन उघडून दिलं.

मी म्हणाले, "हे खोटं आहे. मी सही करणार नाही."

"अगं, फॉर्मॅलिटी आहे."

"चार टाक्या बंद आहेत. टेम्पो रोज जातो. लक्ष्मम्माच्या हातात मोजे नाहीत."

एक जण इंग्रजीत म्हणाला, दंड बसेल, तुलाही बसेल, तूही इथंच राहतेस. मी म्हणाले, बसू दे. बसायलाच पाहिजे.

मग म्हणाले, उपाय सांग. मी सांगितला. प्रत्येक घरानं पाळीपाळीनं एक सकाळ खाली यायचं. आपली बादली आपण वेगळी करायची. ढीग आपण खालीवर करायचा. लक्ष्मम्मा शिकवेल, तिला शिकवणारीचा मान द्यायचा.

टेबलाभोवती सगळे हसले. मोठ्यानं नाही. नाकातून.

"म्हणजे डॉक्टरांनी आणि प्रोफेसरांनी खाली येऊन घाणीत हात घालायचा?" काका म्हणाले.

"घाण त्यांचीच आहे."

"हे बघ, तुझ्या आईमुळं तू भावनिक झालीयेस. जात इथं आणू नकोस. आम्ही कधी पाळली?"

मी उभी राहिले. म्हणाले, "माझी आई नागपुरात सफाई कामगार होती. रस्ते झाडायची. सात वर्षं मी तुम्हाला हे सांगितलं नाही, कारण तुम्ही काय कराल ते मला माहीत होतं. तुम्ही तेच केलंत."

कोणी बिस्किटाला हात लावला नाही. काकांनी पेनाचं टोपण लावलं. फार शांतपणे. आणि मराठीत, फक्त मला कळेल असं म्हणाले, "शेवटी वळणावर गेलीस."

"हो," मी म्हणाले. "गेले."

फॉर्मवर मी जे खरं होतं ते लिहिलं. किती टाक्या चालू, किती बंद, टेम्पो किती वाजता, लक्ष्मम्माला मोजे नाहीत. खाली सही केली. पूर्ण नाव, पूर्ण आडनाव. आणि स्वतः जाऊन पालिकेच्या कार्यालयात दिला.

नोटीस आली. दंड आला. संकुलाच्या ग्रुपवर माझ्या नावाला जे जे म्हणायचं ते म्हटलं गेलं. मराठी मंडळाच्या गणपतीच्या यादीतून मी गेले. हे मी धरूनच चालले होते.

जे धरलं नव्हतं ते वेगळंच. कंत्राटदारानं लक्ष्मम्माला काढलं. मोजे नसल्याची तक्रार तिनंच केली, असं ठरवून.

मी तिला शोधत तिच्या खोलीवर गेले. मोठ्या तोऱ्यात. मला वाटलं होतं, ती म्हणेल बरं केलंस. ती दारातच बसून होती. उठली नाही. म्हणाली, "माताडिद्दु नीवु. होगिद्दु नानु."

बोललात तुम्ही. गेले मी.

तिला न विचारता मी तिचं नाव घेतलं होतं. भरल्या सभेत, रुबाबात. माझी नोकरी शाबूत होती. घर शाबूत होतं. माझ्या बंडाची किंमत तिनं मोजली. काकांनी आईकडे बोट दाखवलं, मी लक्ष्मम्माकडे. दोन्ही वेळा ती माणसं मागंच उभी होती.

मी तिथंच खाली बसले. शेवटी तिनंच पाणी दिलं. स्टीलच्या तांब्यातून दोघी प्यायलो. मी विचारलं, "आता काय करायचं, तुम्ही सांगा." पहिल्यांदा विचारलं.

ती म्हणाली, कामगार कार्यालयात जायचं. पण बोलणार मी. तुम्ही बाजूला बसायचं. कागद इंग्रजी असले तर वाचून सांगायचे.

दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा साहेब नव्हते. तिसऱ्यांदा भेटले, अर्ज घेतला, कंत्राटदाराला बोलावणं पाठवलं. तो आला नाही. पुन्हा तारीख. लक्ष्मम्मा आता इथल्याच, बंगळुरातल्या शिवाजीनगरमध्ये एका खानावळीत भांडी घासते आणि तारखेला माझ्याआधी हजर असते.

इकडे दलालाचे फोन येतात. फ्लॅटला चांगला भाव आहे, म्हणतो, विकता का? कोणी लावून दिलं ते मला कळतं. विकणार नाही. रोज सकाळी साडेसहाला मी माझी बादली घेऊन टाक्यांपाशी जाते, माझं ओलं, माझा पाला, माझं फावडं. वरून लोक बघतात. बघू देत. दुसऱ्या कोणाच्या बादलीला मी हात लावत नाही आणि लावणारही नाही. पुढच्या वर्षी फॉर्म पुन्हा येईल. सेक्रेटरी बदलेल, कदाचित जास्त गोड बोलणारा येईल. मी पुन्हा मोजेन, पुन्हा लिहीन, पुन्हा स्वतः नेऊन देईन. आणि ज्या बाईचं नाव त्यात येणार असेल, तिला आधी विचारेन. ती नको म्हणाली तर तिचं नाव गाळेन, बाकी एक अक्षर गाळणार नाही.

मंगळवारी तारीख आहे. कंत्राटदार आला तरी जायचं, नाही आला तरी जायचं.